चंगळवादावरची ख्रिस्ती पुस्तकं एकट्याने वाचू नका

तुमचा प्रश्न असा आहे की खरेदीच्या संस्कृतीत विश्वास कसा जगावा यावरची ख्रिस्ती पुस्तकं तुम्ही बरीच वाचलीत, पटतातही, पण वागण्यात काडीचा फरक पडत नाही. मग वाचायची तरी कशाला, आणि वाचायचीच तर कोणती?

वाचा, पण एकट्याने वाचू नका. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

मी कितीतरी वर्षं अशी पुस्तकं एकट्याने वाचली. पेन्सिलने खुणा केल्या, रात्री प्रार्थनेत रडलोही. आठवडाभर मन हललेलं असायचं आणि मग सगळं पूर्ववत. याचं कारण मला फार उशिरा कळलं. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आम्ही एकमेकांना आजारपण सांगतो, घरातली भांडणं सांगतो, श्रद्धा डळमळली तर तेही सांगतो. पैसा कुठे जातो ते मात्र कुणी कुणाला सांगत नाही. जी गोष्ट आपण झाकून ठेवली आहे, तिच्यावरचं पुस्तकही आपण झाकूनच वाचतो, आणि त्यातून उरते ती फक्त भावना.

पुढे आम्ही चौघं दर पंधरा दिवसांनी भेटून एकेक प्रकरण मोठ्याने वाचू लागलो. सुरुवात पुस्तकाने केली नाही, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायाने केली. त्यात एका धनवानाच्या जमिनीला भरपूर पीक येतं, ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून जुनी कोठारं मोडून मोठी बांधायचं तो ठरवतो. येशूने सांगितलेला तो दाखला, म्हणजे बोधकथा, मला तोंडपाठ होता. पण मोठ्याने वाचताना आमच्यातली एक ताई मध्येच थांबली आणि म्हणाली, "हा माणूस बोलतोय कुणाशी?" खरंच की! माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. पूर्ण गोष्टीत तो फक्त स्वतःशीच बोलतो. देव बोलतो तेव्हा पहिल्यांदा त्याच्या घरात दुसरा आवाज येतो. आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत काय आहे? 'आमची रोजची भाकर'. 'माझी' नाही. इतकी वर्षं ती प्रार्थना म्हणत आलो, पण त्या एका शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो.

याच दाखल्यावर चौथ्या शतकात कैसरियाच्या बसिलने एक प्रवचन केलं आहे. माझ्या मते सुरुवात करायला याहून चांगलं काही नाही. पुढे बिशप झालेला हा माणूस दुष्काळात भुकेल्यांच्या अन्नाची सोय करायला स्वतः उभा राहिला होता, त्यामुळे त्याच्या शब्दांना वजन आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा: तू साठवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत ठेवलेलं वस्त्र उघड्याचं आहे, तुझ्याकडे कुजत पडलेले जोडे अनवाणी माणसाचे आहेत. म्हणजे न देणं ही नुसती कंजुषी नाही, दुसऱ्याचं अडवून ठेवणं आहे. ते वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. पुढच्या बैठकीला आमच्यातला एक जण खोकं घेऊन आला. आत बुटांचा जोड होता, पातळ कागदात गुंडाळलेला, किमतीची चिठ्ठीही तशीच. तो म्हणाला, "दोन वर्षं झाली. घेतलेत हेसुद्धा विसरलो होतो." आम्ही त्याला उपदेश केला नाही. ते कुणाच्या पायाला होतील याचा विचार करत बसलो, आणि त्यासाठी आजूबाजूला कोण अनवाणी आहे हे आधी माहीत असावं लागतं, हे चौघांनाही एकदमच जाणवलं.

त्यानंतर विल्यम कॅव्हनॉ यांचं २००८ सालचं 'बीइंग कन्झ्यूम्ड' वाचलं. छोटंसं आहे, पण सावकाश वाचावं लागतं. आपला समज असतो की चंगळवाद म्हणजे वस्तूंवर फार जीव जडणं. त्यांचं म्हणणं उलट आहे. जीव कशावरच जडत नाही, हाच खरा आजार. घेतलेली वस्तू हातात येताच जुनी होते आणि मन पुढच्या वस्तूकडे धावतं. संत ऑगस्टीनने ज्याला अस्वस्थ हृदय म्हटलं, ते देवापाशी विसावण्याऐवजी बाजारात फिरत राहतं. शिवाय वस्तू बनवणाऱ्या माणसापासूनही आपण तुटलेलो असतो. त्या संध्याकाळी मी अंगातल्या शर्टाची कॉलरमागची पट्टी वाचली. कोणत्या देशात शिवला, किती गरम पाण्यात धुवायचा, हे सगळं होतं. ज्या हातांनी शिवला त्यांचा मात्र पत्ता नव्हता.

बाकीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगतो. रिचर्ड फॉस्टर यांच्या 'सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन' (१९७८) मधलं साधेपणावरचं प्रकरण अगदी व्यवहारी आहे. वस्तू उपयोगासाठी घ्या, प्रतिष्ठेसाठी नको, आणि देऊन टाकायची सवय लावा, असं ते सरळ सांगतात. रोनाल्ड सायडर यांच्या 'रिच ख्रिश्चन्स इन अॅन एज ऑफ हंगर' (१९७७) मध्ये चढत्या दशांशाची कल्पना आहे. दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं; इथे उत्पन्न वाढेल तसा देण्याचा टक्काही वाढवायचा. वॉल्टर ब्रुगमन यांचं शब्बाथावरचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसावरचं, 'सॅबथ अॅज रेझिस्टन्स' (२०१४) हे पुस्तक इजिप्तच्या फारो राजाने गुलाम इस्राएली लोकांवर लादलेल्या विटांच्या सक्तीपासून सुरू होतं. ते वाचून आम्ही आठवड्यातला एक दिवस काहीही विकत न घेण्याचा ठरवला. दुपारी हात आपोआप मोबाइलकडे जातो तेव्हा कळतं, गुलामी किती आत रुजली आहे.

नुसती अपराधी भावना देणारी पुस्तकं मात्र बाजूला ठेवा. अपराधीपणाने माणूस एक तर पुस्तक मिटतो किंवा दुसरं घेतो. बायबलमधल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं ते येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा, आनंदाने. जर्मन धर्मशास्त्रज्ञ बोनहोफर यांनी १९३७ साली शिष्यत्वावर लिहिताना स्वस्त कृपेविरुद्ध, म्हणजे आयुष्य न बदलता क्षमा गृहीत धरण्याविरुद्ध, इतकं कळकळीने लिहिलं, तेही कृपा खरी आहे म्हणूनच. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच एकत्र राहणं हा होता. एकमेकांपुढे पाप कबूल करण्यावर त्यात पूर्ण प्रकरण आहे.

तेव्हा नवीन पुस्तक इतक्यात घेऊ नका. विश्वासातली दोन माणसं शोधा, दोनही पुरतात. पहिल्या भेटीत लूकचा बारावा अध्याय आणि बसिलचं प्रवचन मोठ्याने वाचा. मग प्रत्येकाने गेल्या महिन्यातली एकच खरेदी सांगायची, जी कुणाला सांगावीशी वाटत नव्हती. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही. सुरुवात तुम्हीच करा, कारण पहिला बोलला की बाकीच्यांना सोपं जातं.