वाचकांचे प्रश्न : दोन घोड्यांच्या गाडीमागे बारा घोडे

प्रश्न : शहरातली पहिली बस लंडनची, की पॅरिसची?

पॅरिसची. गणितज्ञ ब्लेझ पास्कलच्या कल्पनेतून १८ मार्च १६६२ रोजी तिथे पाच सू (त्या काळचे फ्रेंच नाणे) भाड्याच्या घोडागाड्या सुरू झाल्या. मार्ग ठरलेला, भाडे ठरलेले आणि गाडी भरो न भरो, वेळ झाली की सुटणार. बससेवा म्हणायला आणखी काय हवे? पण तिथल्या न्यायसभेने सैनिक, नोकरचाकर आणि मजुरांना त्यात बसायला मनाई केली. म्हणजे गरज ज्यांना होती तेच बाहेर. पंधराएक वर्षांत सेवा आटोपली. लंडनला जॉर्ज शिलिबीरची गाडी धावली ती ४ जुलै १८२९ रोजी, पॅडिंग्टन ते बँक. तीन घोडे शेजारी शेजारी जुंपलेले, आत वीसएक उतारू. अरुंद रस्त्यांना ही रुंदी झेपेना, म्हणून पुढे दोन घोड्यांच्या लहान गाड्या आल्या.

प्रश्न : ‘बस’ हा शब्द कुठला?

‘ऑम्निबस’चे शेपूट. लॅटिनमध्ये अर्थ ‘सर्वांसाठी’. फ्रान्समधल्या नांत शहरात स्तानिस्लास बोद्रीने १८२६ मध्ये आपल्या स्नानगृहापर्यंत गाडी ठेवली; लोक स्नान न करताच वाटेत चढू-उतरू लागले, तेव्हा खरा धंदा कशात आहे ते त्याला कळले.

प्रश्न : जुन्या बसच्या चित्रांत घोडे दोनच दिसतात. मग एका बसला दहा-बारा घोडे कशाला?

गाडी पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले, घोडा मात्र तीन-चार तासच. तेवढ्यात वीसेक किलोमीटर होत. म्हणून दिवसाला चार-पाच जोड्या, वर लंगडणाऱ्या किंवा आजारी घोड्याच्या जागी एखादा जादा. घोडा थकतो तो पळून नव्हे, थांबून पुन्हा निघण्याने : उभी गाडी हलवताना सगळा भार छाती-खांद्यावर येतो आणि ओल्या फरशीवर नाल घसरतो. अशा कामात घोडा चार-पाच वर्षे टिकला तरी खूप. त्यात चंदी सुट्टीच्या दिवशीही घालावीच लागते, नालबंद आणि तबेल्याचा खर्च वेगळा. १८७२ मध्ये उत्तर अमेरिकेत घोड्यांना फ्लूसारखी साथ आली, तेव्हा बहुतेक घोडे वाचले. तरी कित्येक शहरांतली वाहतूक काही दिवस ठप्प होती.

प्रश्न : रुळांनी नेमके काय साधले?

लंडनच्या दुमजली बसमध्ये दोन घोडे २६ उतारू ओढत. रुळांवरच्या ट्राममध्ये तेवढेच घोडे ४६. न्यूयॉर्कमध्ये अशी गाडी १८३२ लाच धावली. सुरुवातीला अडचण रुळाचीच होती. १८६१ मध्ये लंडनला जॉर्ज ट्रेन या अमेरिकी उद्योजकाने टाकलेले रूळ रस्त्याच्या वर उठून आलेले. इतर गाड्यांची चाके त्यांवर अडखळत, शेवटी ते उखडावे लागले. फरशीच्या पातळीत बसणारा खाचेचा रूळ आला आणि ट्राम रुजली. मात्र खाचेत चिखल आणि खडे साचतात. ते खरवडून काढले नाहीत तर चाक वर चढून गाडी रुळावरून उतरते.

आणखी एक. रूळ घर्षण कमी करतो, वजन नाही. ४० मीटरला १ मीटर चढ असेल तर दर टनामागे २५ किलोचा ओढा जास्त लागतो, खाली रूळ असो वा दगड. सपाटीवरचा फायदा तिथे बराचसा जिरतो. म्हणून चढाच्या पायथ्याशी जादा घोडा उभा असे. तो पुढे जुंपायचा, माथ्यावर सोडायचा आणि पुढच्या गाडीसाठी चालवत खाली आणायचा.