क्रिएटिनिन १.६ : “मॅडम, डायलिसिस किती दिवसांवर आलंय?”

टेबलावर ठेवलेला कागद चार घड्यांचा होता आणि घड्यांवर फाटायला आला होता. क्रिएटिनिनच्या आकड्याभोवती निळ्या पेनाने इतक्या वेळा गोल काढला होता की त्या जागी कागद खरबरीत झाला होता. १.६, शेजारी छापलेला ‘एच’, म्हणजे ‘हाय’, मर्यादेपेक्षा जास्त. काका ५८ वर्षांचे. ११ वर्षांपासून मधुमेह, काही वर्षांपासून बीपीची गोळी. खुर्चीत काका बसले, पण बोलल्या काकूच. “मॅडम, डायलिसिस किती दिवसांवर आलंय तेवढं खरं सांगा. आम्ही मनाची तयारी केलीय.”

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मूत्रपिंडविकाराच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. सुरुवातीच्या काळात मी घाईने ‘काही होत नाही, घाबरू नका’ म्हणायचे. आता म्हणत नाही. तीन रात्री ज्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही त्याला ते वाक्य ऐकूच येत नाही, आणि कधी कधी खरंच काहीतरी झालेलं असतं. म्हणून मी आधी रिपोर्ट बाजूला ठेवते आणि रक्त दिलं त्याच्या आधीचा आठवडा कसा गेला ते विचारते.

काकांचा आठवडा असा गेला होता. गुडघा दुखत होता म्हणून दहा दिवस दुखण्याची गोळी, रोज दोनदा, स्वतःच्या मनाने. मग दोन दिवस जुलाब. तिसऱ्या दिवशी तपासणी. ‘उपाशीपोटी या’ असं सांगितलं होतं, म्हणून आदल्या रात्रीपासून त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. उपाशीपोटी म्हणजे पाणीसुद्धा नाही, असा समज फार जणांचा असतो. बहुतेक रक्ततपासण्यांना साधं पाणी चालतं. शंका असेल तर विचारून घ्यावं.

मी कागदावर दोन शेंगांसारखी मूत्रपिंडं काढली आणि आत जाणारी एक नळी. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंतून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंडांकडे येणारं रक्त कमी होतं. अशा वेळी शरीर ती आत येणारी बारीक नळी उघडी ठेवायची धडपड करतं, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी हीच सोय बंद पाडतात. रक्त कमी पोचतं, गाळणी मंदावते, आकडा चढतो. युरिया हा मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा आणखी एक टाकाऊ पदार्थ; काकांचा तोही वाढून ६२ झाला होता. शरीर कोरडं पडलं की युरिया क्रिएटिनिनच्या मानाने जास्त उडी मारतो. ही खूण डॉक्टरांनी आधीच हेरली होती.

“पण ईजीएफआर ५० आलाय,” काकू म्हणाल्या. “म्हणजे निम्म्या किडन्या गेल्याच ना?”

ईजीएफआर बघून लोक सर्वांत जास्त हादरतात, आणि त्याचा अर्थ मात्र त्यांना कुणी समजावून सांगितलेला नसतो. तो वेगळा मोजलेला नसतो. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून सूत्राने काढलेला तो अंदाज आहे: मिनिटाला साधारण किती मिलिलीटर रक्तद्रव गाळला जातो, याचा. क्रिएटिनिन स्थिर आहे असं ते सूत्र गृहीत धरतं. काकांचं तर आजारपणात वरखाली होत होतं, म्हणजे ५० या आकड्यावर त्या दिवशी फारसा भरवसाच ठेवता येत नव्हता. ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त टिकला, तरच त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. एका रिपोर्टवर ते नाव लागत नाही. डायलिसिसची वेळ बहुतेकांवर १५ च्याही खाली गेल्यावर येते, आणि तेव्हाही नुसता आकडा बघत नाहीत, माणसाची लक्षणं बघतात.

याची उलट बाजूही मी त्यांना सांगितली. अंगाने अगदी बारीक, वयस्कर बाईचं क्रिएटिनिन १ आलं, तर छापील मर्यादेत बसतं आणि कुणी लक्ष देत नाही. स्नायूच कमी असल्यामुळे तेवढा आकडाही तिच्या मूत्रपिंडांची खरी अवस्था झाकू शकतो.

एव्हाना काका जरा सैलावले होते. मग कळलं की रिपोर्ट आल्यापासून त्यांनी बीपीची गोळी बंद केली होती. “गोळ्यांनी किडनी जाते असं वाचलं.” शिवाय मूत्रपिंडं ‘धुऊन निघावीत’ म्हणून दिवसाला पाच लीटर पाणी चाललं होतं. डॉक्टरांनी त्या दिवशी बीपी मोजलं ते १६८/९६. मला १.६ पेक्षा हे जास्त टोचलं. वाढलेलं बीपी मूत्रपिंडांचं जेवढं नुकसान करतं, तेवढं ती गोळी करत नाही. जुलाब-उलट्या चालू असताना काही औषधं थोडे दिवस थांबवावी लागतात हे खरं, पण कोणती आणि किती दिवस ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि पाणी ढोसून गाळणी धुतली जात नाही. तहान, हवा आणि डॉक्टरांचा सल्ला बघून पुरेसं प्यायचं.

डॉक्टरांनी वेदनाशामक बंद केली, बीपीची गोळी परत सुरू केली आणि आठ दिवसांनी तपासणी सांगितली. लघवी अगदी कमी झाली, धाप लागली, सूज आली, गुंगी वाटली तर आठ दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं, हे मी काकूंकडून दोनदा म्हणवून घेतलं. जुने रिपोर्ट शोधायलाही सांगितलं. एका सुट्या आकड्यापेक्षा दोन-तीन वर्षांचे आकडे ओळीने मांडले की कितीतरी जास्त कळतं.

आठ दिवसांनी क्रिएटिनिन १.२, युरिया ३४, ईजीएफआर ७०. कपाटात सापडलेल्या आठ महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन होतं १.१. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र त्यांना अजून थोडा वेळ बसवून ठेवायचं होतं, कारण या वेळी डॉक्टरांनी लघवीचीही एक तपासणी केली होती: अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, एसीआर. ते ३० च्या आत हवं. काकांचं ८५ आलं होतं.

गाळणीची जाळी सैल होऊ लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून झिरपतं. मधुमेहात हे बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि दुखत-खुपत काही नाही. ११ वर्षांत काकांची ही तपासणी एकदाही झालेली नव्हती. ज्या १.६ ने घर हलवलं तो आकडा परत फिरला; ज्यामुळे खरंच जपायला हवं होतं ते लघवीतलं प्रमाण कुणी पाहिलंच नव्हतं. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, अंगमेहनतीचा व्यायाम यांनीही हे प्रमाण तात्पुरतं वाढतं, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा बघायचं ठरलं. तीन महिन्यांनी ९२.

डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून गाळणीवरचा दाब कमी करणारी दिली. मी काकांना आधीच सांगून ठेवलं, की या गोळीने सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, म्हणून दोन आठवड्यांनी रक्त बघायचं आणि गोळी मनाने सोडायची नाही.

दोन आठवड्यांनी १.३ आलं. काका एकटेच आत आले, कागद घडी न घालता वहीत ठेवलेला. वहीत रेघा मारून तारीख, क्रिएटिनिन, एसीआर, बीपी असे रकाने पाडले होते. “थोडं वर गेलंय, तुम्ही म्हणालाच होता,” असं म्हणून त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर तेच रकाने, रिकामे, वर काकूंचं नाव.

“हिलाही १२ वर्षं बीपी आहे. लघवीची ती तपासणी हिची कधीच केली नाहीये. बाहेर बसलीय ती, मला काही नाही म्हणते.”

मी उठून दार उघडलं आणि काकूंना आत बोलावलं.