डोस वाढला की चार आठवडे पुन्हा मोजायचे

वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलंय, गर्भनिरोधक गोळी रोज रात्री चालू आहे, शनिवारी थोडी दारू होते. अशात गोळीवर भरवसा ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. आधी पेनवरचं औषधाचं नाव वाचा, उत्तर त्यावर ठरतं.

टिर्झेपटाइड असेल तर पहिल्या डोसनंतर ४ आठवडे कंडोमही वापरायचा, आणि दर वेळी डोस वाढला की पुन्हा ४ आठवडे. या औषधामुळे जठर सावकाश रिकामं होतं, गोळी पोटात रेंगाळते. ५ मिग्रॅच्या एका डोसनंतर गोळीतल्या इथिनिल एस्ट्रॅडिऑल या हार्मोनची रक्तातली कमाल पातळी ५९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलंय, एकूण शोषण साधारण २० टक्क्यांनी. काही आठवड्यांत जठर सरावतं, म्हणून ही मुदत. गोम अशी की २.५ वरून दर ४ आठवड्यांनी २.५ ने चढत १५ मिग्रॅपर्यंत गेलात, तर एक मुदत संपते तोच दुसरी सुरू होते. म्हणजे सलग २४ आठवडे. इतके दिवस एकदाही चूक न होणं अवघड. त्यापेक्षा कॉपर-टी, हार्मोनची आययूडी (गर्भाशयात बसवायचं साधन) किंवा दंडातलं इम्प्लांट बरं. त्यांचा पोटाशी संबंधच नाही.

सेमाग्लुटाइडमध्ये शोषणाचा हा प्रश्न आढळलेला नाही. उलटी-जुलाब मात्र दोन्हींत होतात. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्या. उलट्या किंवा जोराचे जुलाब २४ तासांपेक्षा जास्त चालले, तर ते दिवस गोळी चुकल्याचे धरा. मिश्र गोळी (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली) असेल तर बरं वाटल्यावर आणखी ७ दिवस कंडोम. पाकिटातल्या शेवटच्या ७ हार्मोनच्या गोळ्यांत हे घडलं तर मधली सुट्टी न घेता पुढचं पाकीट सुरू करायचं.

दारूने गोळी निकामी होत नाही. गोळी वाया जाते ती पिऊन झालेल्या उलटीने, किंवा त्या रात्री घ्यायची राहिल्याने. म्हणून गोळी सकाळी घ्या. रात्री १० ची सकाळी ८ वर आणताना पुढची गोळी १४ तास लवकर घ्यायची, उशिरा नाही.

'थोडी' म्हणजे किती, तेही मोजा: मिली गुणिले टक्के गुणिले ०.७९, भागिले १००. ५ टक्क्यांची ६५० मिली बिअर म्हणजे जवळपास २६ ग्रॅम अल्कोहोल, ८ टक्क्यांची ४१. भूक मेलेली असताना रिकाम्या पोटी पिणं या औषधांवर फार बाधतं. सोबत मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि ती लक्षणं नशेसारखीच दिसतात.

वजन उतरलं की बंद पडलेलं बीजोत्सर्जन परत सुरू होऊ शकतं, विशेषतः पीसीओएस या हार्मोनच्या विकारात. 'मला तसंही दिवस राहत नाहीत' या हिशेबावर राहू नका. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान २ महिने आधी, टिर्झेपटाइड १ महिना आधी थांबवायचं.

पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी कळ आली तर पुढचं इंजेक्शन न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्वादुपिंडाला सूज असू शकते. किती पिता ते तिथे खरं सांगा, कारण दारूनेही हीच सूज येते.