गट बारावरून चारवर आला, आता काय करायचं?

सप्रेम सलाम, ताई. तुम्ही लिहिलंय की धुळ्यातल्या तुमच्या ख्रिस्ती कॉलेज विद्यार्थ्यांच्या गटात जुलैमध्ये बारा मुलं-मुली जमली होती, दिवाळीनंतर चारच उरली. आता साउंड सिस्टिम लावून, बाहेरचा वक्ता बोलावून मोठी संगीतसंध्या घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर यंदा घेऊ नका. त्या पैशात वर्षभराचा चहा आणि चारपाच जणांचं एसटीचं भाडं निघेल.

मुलं का गळाली ते आधी बघा. तुमची बैठक शनिवारी संध्याकाळी असते. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडची मुलं शनिवारी दुपारीच गावी जायला स्टँडवर असतात. दिवाळीनंतर तर अनेकांचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि घर, गुरं, लहान भावंडं पोरांवर पडतात. त्यांची श्रद्धा कमी झाली असं लगेच धरू नका. बैठक बुधवारी किंवा गुरुवारी ठेवा, प्रॅक्टिकल संपल्यावर आणि मुलींच्या वसतिगृहाचं गेट बंद व्हायच्या बऱ्याच आधी. तासाभरात संपवा. वेळ पाळली की मुलं परत येतात, वसतिगृहाच्या मॅडमही कुरकुर करत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. हा गट तुमचा असून चालणार नाही, तो मुलांचा असायला हवा. पदवीचा विद्यार्थी तुमच्या हाती जेमतेम तीन वर्षं असतो. तुम्हीच शिकवता, तुम्हीच प्रार्थना घेता, ग्रुपवर मेसेजही तुम्हीच टाकता, मग तुमची बदली झाली की सगळं बसलं. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही संस्था १९५४ पासून याच रीतीने चालत आली आहे: गट विद्यार्थी चालवतात, पदवी घेऊन बाहेर पडलेले मागून आधार देतात. बायबलात पौलाने तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलं तेही हेच आहे: ऐकलेलं अशा विश्वासू माणसांना सोपव, जे पुढे आणखी कोणाला शिकवतील.

म्हणून या चौघांवर वर्ष घालवा. बायबलातलं मार्ककृत शुभवर्तमान वाचायला घ्या. १६ अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर साधारण एका सेमिस्टरमध्ये बसतं. पहिले तीन-चार अध्याय तुम्ही घ्या, पुढचे आळीपाळीने त्यांना घेऊ द्या. आदल्या दिवशी त्या मुलाबरोबर अर्धा तास बसा, तीनच प्रश्न तयार करून घ्या: इथे काय घडतं, येशू कसा दिसतो, माझ्या या आठवड्यात काय बदलेल. बैठकीत तो अडखळला तरी तोंड उघडू नका. (हे सगळ्यात अवघड. आपल्याकडे पाळकसाहेबांपासून संडेस्कूलच्या बाईंपर्यंत सगळ्यांना प्रवचनाची सवय.)

भाषेचंही बघा. मावची किंवा पावरी ही आदिवासी बोली बोलणारी मुलगी शहरात पुस्तकी मराठीत प्रार्थना करायला लाजते आणि गप्प बसते. तिला तिच्या बोलीत प्रार्थना करू द्या, गाणंही गाऊ द्या. जळगाव-भुसावळकडच्या मुलांना कळलं नाही तरी चालेल.

नवीन मुलं जूनमध्येच शोधायची असतात. मे महिन्यात नवापूर तालुक्यातल्या पाळकांना फोन करा, त्यांच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं कोण बारावी होऊन धुळे, शिरपूर, शहादा, जळगावला येतंय ते विचारा. प्रवेशाच्या रांगेत, खोली शोधताना, जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात चकरा मारताना तुमच्या चौघांपैकी कोणी सोबत असलं, तर ते पोर बुधवारी आपोआप येतं. पहिल्या महिन्यात एकटं पडलेलं मूल नंतर सापडत नाही.

एक बाब कडक पाळा. आपल्याकडे ज्युनियर आणि सीनियर कॉलेज बहुधा एकाच आवारात असतं, त्यामुळे अकरावी-बारावीची, म्हणजे १८ च्या आतली मुलंही येतात. त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्या. ख्रिस्ती नसलेला वर्गमित्र ऐकायला आला तर आनंदाने बसवा, पण फी, पुस्तकं, जेवण यांचा त्याच्या श्रद्धेशी काडीचाही संबंध जोडू नका आणि त्याचा फोटो स्टेटसला टाकू नका. घटनेच्या कलम २५ ने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात म्हटलं आहे. कॉलेजच्या आवारात परवानगीशिवाय काही घेऊ नका, चर्चचा हॉल बरा.

रविवारी मात्र मुलं मंडळीतच जायला हवीत. गट मंडळीची जागा घेऊ लागला की पाळक दुरावतात, आणि पदवी झाल्यावर मुलांना कुठलंच घर उरत नाही. धुळ्यातल्या पाळकांना महिन्यातून एकदा गटात बोलवा, शिकवायला नव्हे, मुलांना भेटायला.

शिबिर घ्यायचंच असेल तर २६ जानेवारीच्या आसपास, दोन दिवसांचं. मेमध्ये उन्हाने जीव जातो, दिवाळीत कापूस वेचणी असते आणि नाताळात सगळी गावी. स्वयंपाक मुलांनाच करू द्या. वरण-बट्टी जमणारी दोन-तीन पोरं प्रत्येक गटात निघतातच. आणि त्या चौघांपैकी पुढच्या जुलैत कोण काय सांभाळणार, ते याच शिबिरात त्यांचं त्यांना ठरवू द्या.