शिक्का नसलेली पॅलेट आणि कापून घेतलेलं बिल

प्रश्न : चाकणला माझा लाकडी पॅलेटचा छोटा कारखाना आहे. एका इंजिनिअरिंग कंपनीला 300 पॅलेट दिली. त्यावर माल लादून त्यांनी कंटेनर जर्मनीला पाठवला. पॅलेटवर शिक्का नाही म्हणून माल तिथे अडकला. तो सगळा खर्च आता माझ्या नावावर डेबिट नोट काढून बिलातून वळता केलाय. सहा महिने झाले, एक पैसा आलेला नाही. नुकसान मीच सोसायचं का?

उत्तर : माल परदेशी जाणार हे ऑर्डर घेताना तुम्हाला सांगितलं होतं का? सगळं त्यावर अवलंबून आहे आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही.

निर्यातीच्या लाकडी पॅलेटला आयएसपीएम 15 हा, लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवायचं, मग मान्यताप्राप्त संस्थेने शिक्का मारायचा. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला ही भानगड नाही. माल विक्री कायद्याचं कलम 16 सांगतं, की खरेदीदाराने उपयोग कळवला आणि तो तुमच्या जाणतेपणावर विसंबला, तरच त्या उपयोगाची जबाबदारी तुमची. म्हणून पीओ (कंपनीची लेखी खरेदी ऑर्डर), ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं काढा. दरही पाहा. हीट ट्रीटमेंटचं पॅलेट महाग पडतं. साध्या पॅलेटचा दर लावला असेल तर बिलच तुमच्या बाजूने बोलेल.

पीओत ‘एक्स्पोर्ट’ असेल तर मात्र तडजोडीकडे वळा. तरीही करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे दूरान्वयाचं, म्हणजे तुमच्या चुकीतून थेट न झालेलं, नुकसान तुमच्या माथी मारता येत नाही. डेबिट नोटमधल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. आणि मागच्या तारखेचं ट्रीटमेंट सर्टिफिकेट ‘करून देणारे’ भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पैशांच्या वादात फौजदारी ओढवून घ्याल.

आता तुमची जमेची बाजू. डिलिव्हरीच्या आधीपासून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा कामी येतो. डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असं धरतात, त्यामुळे डेबिट नोटची तारीख तपासा. पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या, याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करा. तिथे कंपनी उलट दावा लावू शकते, हे धरून चाला. पण निवाडा तुमच्या बाजूने लागला तर तो आव्हानित करायला तिला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. एवढ्यावरच बऱ्याच कंपन्या बोलायला तयार होतात.

अर्जाआधी, याच आठवड्यात, ‘डेबिट नोट मान्य नाही’ एवढं कारणासह लेखी कळवून पोच घ्या.