छतावरच्या वायरलेस रेडिओची पॉवर फुल ठेवू का?

प्रश्न: दोन बिल्डिंगमध्ये नेट न्यायला 5 गिगाहर्ट्झचा रेडिओ घेतलाय. सिग्नल वीक येतो म्हणून कंट्री कोड बदलून पॉवर वाढवली तर चालेल का?

उत्तर: अजिबात नको. रेडिओ जिथे लावलाय त्याच देशाचा कोड ठेवा, कारण चॅनेल आणि पॉवरची मर्यादा त्यावरूनच ठरते, आणि ही मर्यादा बहुतेक वेळा अँटेनाचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटून ती किती जोर वाढवते ते) धरून मोजतात, म्हणजे रेडिओ 20 डीबीएम (पॉवरचं माप) आणि अँटेना 16 डीबीआय (गेनचं माप) असेल तर हवेत जातात 36 डीबीएम, आणि दर 3 डीबीला पॉवर दुप्पट होते हे लक्षात घ्या. काही चॅनेलवर रडार असतात, तिथे रेडिओ आधी किमान 60 सेकंद नुसता ऐकत बसतो, तेव्हा लगेच लिंक आली नाही म्हणून डीएफएस (रडार ऐकून ते चॅनेल टाळायची सोय) बंद करायला जाऊ नका, विमानतळाजवळच्या हवामान रडारला खरंच त्रास होतो हो. सिग्नलसाठी आधी अँटेनाची दिशा नीट करा, मध्ये झाड येतंय का बघा. अँटेना वेगळी असेल तर ती जोडल्याशिवाय रेडिओ ऑन करू नका. पोल विजेच्या तारांपासून लांब, तो पडला तरी तारेला लागणार नाही इतका, आणि अर्थिंग केलेलाच हवा. डिफॉल्ट पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदला.