तात्यांची सुतारशाळा : राऊटर हातातून पळतो

प्रश्न : तात्या, नमस्कार. मी तासगावजवळच्या गावात राहतो. नोकरी सांभाळून सुतारकामाचा नाद करतो. बहिणीच्या लग्नासाठी सागवानी चौरंग करतोय आणि त्यासाठी नवीन राऊटर (लाकडाच्या कडा कोरायचं, हातात धरायचं विजेचं मशीन) घेतला. वरच्या फळीच्या कडांना गोलाई मारताना मशीन दोनदा हातातून पळालं. एका बाजूला लाकूड काळं पडलं, एका कोपऱ्याची ढलपी उडाली. शेवटी बघतो तर बिट, म्हणजे मशीनमधलं फिरणारं पातं, अर्धा सेंटिमीटर खाली सरकलेलं. दुकानदार म्हणतो, हात बसला की जमेल. मी हातमोजे घालूनच काम करतो. आणखी काय काळजी घेऊ?

उत्तर : पहिल्यांदा ते हातमोजे काढून ठेव. राऊटरचं बिट मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेतं. मोज्याचा एक धागा त्यात अडकला, तर मागोमाग बोट जातं. चष्मा लाव, तोंडाला मास्क बांध (सागवानाची बारीक धूळ छातीला वाईट), पण हात मोकळे ठेव.

आता पळण्याचं. दुकानदाराचं ऐकू नकोस, यात हात बसण्याचा संबंध नाही. तू उलट्या बाजूनं गेलास. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. फळीची कड तुझ्या पोटाकडं असेल तर राऊटर डावीकडून उजवीकडं न्यायचा. मग बिट तुझ्या हाताला विरोध करतं, जरा जोर लागतो. तो लागलाच पाहिजे. उजवीकडून डावीकडं आलास की बिटाचे दात कडेवर चाकासारखे चढतात आणि मशीन तुलाच ओढत नेतं. माझ्याकडच्या पोरांना मी एकच खूण सांगतो : गणपतीच्या देवळात प्रदक्षिणा घालता ना, फळीच्या बाहेरच्या कडेनं त्याच्या उलट जायचं. चौकटीच्या आतल्या कडेला मात्र प्रदक्षिणेसारखं. राऊटर टेबलाखाली उलटा बसवलास तर हिशेब बदलतो, तिथं लाकूड उजवीकडून डावीकडं सरकवायचं.

काळं पडलं ते भीतीनं. मशीन पळालं म्हणून तू पुढं दबकत गेलास, मध्येच थांबलास, आणि बिट एकाच जागी घासत राहिलं. गोलाई एका दमात मारू नकोस. दोन-तीन फेऱ्यांत मार, शेवटची फेरी अगदी केसाएवढी. आखूड बाजू, म्हणजे जिथं लाकडाच्या रेषा तुटतात ती, आधी घे. तिथं कोपरा थोडा फुटलाच तर नंतर लांब बाजू मारताना तो साफ निघून जातो. तू लांब बाजू आधी मारलीस, हे ढलपीवरून दिसतंय.

बिट सरकलं, याची मला जास्त काळजी वाटते. बहुतेक तू बिटाची दांडी थेट तळापर्यंत खुपसून नट आवळलास. नट आवळताना कॉलेट, म्हणजे दांडी पकडणारी नळी, खाली दबतं आणि तेव्हाच दांडीला घट्ट धरतं. दांडी तळाला टेकलेली असली तर पान्याला आवळल्यासारखं वाटतं, पकड मात्र येत नाही. बिट पूर्ण आत घाल, मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढ आणि आवळ. दांडीचं माप तपास. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पाव इंची कॉलेटात ६ मिलिमीटरची दांडी बसते, फिरते, आणि नेमकी काम चालू असताना निसटते. कॉलेटात भुसा साचू देऊ नकोस.

बिट बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढायची. का ते सांगतो. आमच्या दुकानात एकदा दुपारी काम चालू असताना लाईट गेली. पोरानं राऊटर बाकावर आडवा ठेवला आणि चहाला गेला. बटण लॉक होतं, ते सोडायचं विसरला. मी तिथंच फळी आखत होतो. वीस मिनिटांनी लाईट आली आणि राऊटरनं बाकावर उडी मारली. माझी पट्टी चाटून तो खाली पडला, पडल्या जागी गोल-गोल फिरत फरशी खरवडत राहिला. दोघंही बोर्डाकडं धावलो. त्या लाकडी पट्टीवर अजून अर्धचंद्रासारखी खाच आहे, मी ती मुद्दाम ठेवलीय. आपल्याकडं लाईटीचा भरवसा नाही, तेव्हा गेली रे गेली की आधी बटण, मग पिन.

फळी दोन क्लॅम्प लावून बाकाला बांध, एका हातानं धरून चालणार नाही. वायर खांद्यावरून मागं सोड. पुढं-मागं दाराच्या तावदानासाठी दोन इंची मोठं बिट घेतलंस तर वेग सोळा हजारांच्या वर नको, आणि ते हातात धरून चालवू नकोस, टेबलावरच चालव.

राहिला उडालेला कोपरा. ढलपी सापडली असेल तर फेव्हिकॉल लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेव. नसेल तर त्याच फळीच्या कापातला, रेषा जुळणारा तुकडा चिकटव. मग आधी एका टाकाऊ फळीवर चारी बाजू मारून बघ आणि नंतरच चौरंगाला हात लाव.